वाघदेवाचे शंभर पॉइंट

कोसबाडच्या योगिताताईंनी मोबाइलवरचा खेळ सुरू केला आणि आशागडच्या बाजूचे दोन पाडे कामातून गेले. रानातला जीव दिसला की फोटो टाकायचा. मुंगीला एक पॉइंट, घोरपडीला वीस, बिबट्याला शंभर. फोटो पुढे शास्त्रज्ञांकडे जायचे आणि जिंकणाऱ्या पाड्याला दुर्बीण मिळायची. वरच्या पाड्यातल्या एका घोरपडीचे तर इतके फोटो निघाले, की माणूस दिसला की ती आपणहून थांबायची.

वरच्या पाड्याचा कप्तान विनोद. त्याला दुर्बीण हवीच होती. घरात ती कुठल्या खुंटीला टांगायची हेही ठरलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा पाडा थोडा पुढे होता. मग खालच्या पाड्यात दिलेल्या त्याच्या आत्याने, बायजीने, दोन्ही पाड्यांच्या शिवेवरच्या वाघदेवाचा फोटो टाकला. लाकडाचा कोरलेला वाघ, अंगभर शेंदूर. मोबाइलने जरा विचार केला आणि बिबट्या म्हणून शंभर पॉइंट देऊन टाकले.

विनोदने लगेच योगिताताईंना फोन लावला. नियम सोपा आहे, त्या म्हणाल्या. दोघा खेळाडूंनी ‘हा प्राणी खरा नाही’ हे बटण दाबलं की पॉइंट जातात.

विनोद पाडाभर फिरला. चिमणचं नेमकं बोट दुखायला लागलं. धोंडीने मोबाइल चार्जिंगला लावला, तोही लाइट गेलेली असताना. संगिता एवढंच म्हणाली, की तिच्या शेळ्या रानात चरतात. शेवटी तो आत्याकडेच गेला.

“आते, तो लाकडाचा आहे.”

“मग दाब की बटण,” नागलीची भाकर थापत आत्या म्हणाली. “आणि जाताना रानातूनच जा. उजेड आहे अजून.”

शिवेवर येऊन विनोदने बटणावर अंगठा नेला. वाघदेव समोर बघत होता. विनोदने अंगठा मागे घेतला, हात जोडले आणि आपल्या पाड्याच्या बाजूला जाऊन फोटो काढला. तिथून नुसती पाठ आणि शेपूट दिसत होती. मोबाइलला तेवढं पुरलं. त्यावरही कोणी बटण दाबलं नाही, आत्यानेसुद्धा. वरचा पाडा परत पुढे गेला.

दुर्बीण द्यायला आलेल्या योगिताताईंना तिथेच एका शास्त्रज्ञाचा फोन आला: तुमच्याकडचा बिबट्या जागचा हलत का नाही? ताईंनाही शिवेवरच्या रानातूनच परतायचं होतं. त्यांनी फोन विनोदच्या हातात दिला.

“त्याला इथं बरं वाटतं,” विनोद म्हणाला.