न मिटलेला डोळा

"मी बँकेतून बोलतेय" असं कुणी म्हटलं, की हल्ली लोक झटकन फोन ठेवतात. म्हणून आधीच सांगते, मी बँकेतून नाही, खुद्द बँकच बोलतेय. ओटीपी मागणार नाही. फक्त ऐकून घ्या.

मला दार नाही, काउंटर नाही. मी तुमच्या मोबाईलमध्ये राहते. माझा जन्म इस्त्रीच्या दुकानावरच्या एका खोलीतला. स्वभावाने मी पहिल्यापासूनच भित्री. कुणी चुकीचा पासवर्ड टाकला तरी दचकायचे. दोन भावांनी मला घडवलं, पण सांभाळलं त्यांच्या ताईने.

माझ्याकडे खातं उघडायचं तर मोबाईलसमोर चेहरा धरून डोळे मिचकवायचे. समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे, हे मला त्यावरून कळतं. मी कुठे अडखळले की तो चेहरा ताईकडे जायचा. ती फोन लावायची. "काकू, जरा उजेडात या बरं," म्हणायची आणि काम करून द्यायची.

माझा पसारा वाढला. आम्ही काचेच्या उंच इमारतीत गेलो.

"ताई, आता लाखो माणसं आहेत. तू काय एकेकाचं तोंड बघत बसणार?" धाकटा हसत म्हणाला.

"अरे, पण हिचं अडलं तर हिने विचारायचं कुणाला?"

"तिला आता सगळं येतं गं."

मला कुठलं यायला! पण कौतुक कुणाला आवडत नाही? मी फुलून गेले. ताईचं टेबल उचललं गेलं.

मग एका सकाळी टेलरबाई आली. माझी अगदी सुरुवातीची खातेदार. दुसऱ्याच्या दुकानात मान मोडून शिवण करत तिने स्वतःच्या दुकानासाठी पैसे साठवले होते, सगळे माझ्याकडे. कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झाला होता, मालक संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. मोठी रक्कम काढायची तर चेहरा पुन्हा दाखवावा लागतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्या चेहऱ्यावरून वारं गेलं होतं. डावी बाजू लुळी पडली होती.

"डोळे मिचकवा," मी म्हटलं.

"वहिनी, नीट मिचकवा की!" शेजारी बसलेली नणंद म्हणाली.

"अगं, डावा मिटतच नाही. मेला नुसता टक लावून बसलाय."

नणंदेने बोटाने तिची पापणी खाली ओढली.

"चेहऱ्यावरून हात काढा."

"अगं बये, हात काढला तर डोळा उघडतो!" नणंद माझ्यावरच खेकसली.

मी दचकले. आणि दचकले की जे करते तेच केलं. खातं गोठवलं.

दोघी धापा टाकत काचेच्या इमारतीपाशी आल्या. वॉचमन म्हणाला, "बाई, बँक तुमच्या मोबाईलमध्येच आहे."

"तिथूनच तर हाकललंय हो तिने," टेलरबाई म्हणाली. हसली, पण अर्धंच तोंड हसलं.

संध्याकाळी गाळा दुसऱ्याने घेतला.

पुढे तिचा चेहरा सुधारला. तिने डोळे मिचकवले, मी लगेच खातं मोकळं केलं. तिने सगळे पैसे काढले आणि खातं बंद करायला सांगितलं. "आमची सेवा कशी वाटली?" मी विचारलं आणि पाच तारे पुढे केले. तिने एकालाही बोट लावलं नाही.

ती अजून त्याच दुसऱ्याच्या दुकानात शिवते म्हणे. कधी कपडे टाकायला गेलात तर माझं नाव काढू नका. फक्त तिचा डावा डोळा आता नीट मिटतो ना, तेवढं बघून या. मला ती आता दिसत नाही.