कानपिळीचा मान

“हाराचा फोटो पयला ठेवू,” कवडूभाऊ स्क्रीनवर बोट टेकवत म्हणाले. “पोराच्या तोंडावरचा आनंद पाहा ना गा. असं हसू काही बनवून आणता येत नाही.”

हर्षित लाजून बाजूला बघायला लागला. त्याचे मोठाले कान लाल झाले. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या नूपुरनं ते लगेच दाखवून दिलं.

“पाहा काका, याचे कान. दादा तर म्हणते, जावई मी कानासाठीच पसंत केला. दोन हातांनी पिळता येतील.”

“दोन हातांनी कोणी पिळत नाही वं. एकाच हाताचा मान राहते भावाले.”

महाल भागातल्या त्या दहा बाय आठच्या दुकानात कवडूभाऊ तेहतीस वर्षं लोकांचे अर्ज भरून देत होते. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. दुबईला प्लंबिंगला जाणारे, मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या आया, जर्मनीत शिकायला निघालेली पोरं, सगळे या स्टुलावर बसून गेले होते. ते स्वतः रामटेकच्या पुढे क्वचितच गेले असतील. पण त्यांची पद्धत पक्की होती. प्रत्येक फाइलचे दोन गठ्ठे करायचे. हिरव्या दोऱ्याचा गठ्ठा जाण्याचा आणि लाल दोऱ्याचा परत येण्याचा. “नवखा माणूस जाण्याचेच कागद देत बसते,” ते म्हणत. “तिकडच्या सायबाले तुमच्या येण्याची काळजी राहते.”

लग्न करायला परदेशात जाणारं जोडपं मात्र त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

नूपुरचे आई-वडील ती अकरा वर्षांची असताना अपघातात गेले. तिला वाढवलं गौरांगनं, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या भावानं. तो पुढे इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरीला लागला, आणि गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस चालू होतं. हृदयही कमजोर झालेलं, त्यामुळे डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला होता. भाऊ लग्नाला येऊ शकत नाही म्हटल्यावर लग्नच भावाकडे न्यायचं, असं नूपुरनं ठरवलं. नातेवाईक म्हणाले, व्हिडिओवर दाखव त्याला. ती म्हणाली, व्हिडिओवर कान कसा पिळता येते?

“आम्हाले एकानं सांगितलं, फिरायला चाललो असंच लिहा,” हर्षित म्हणाला. “लग्नाचं नाव काढू नका म्हणे.”

कवडूभाऊंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. “अन् तिथं जाऊन लग्न लावलं म्हणजे? फिरण्याच्या व्हिसावर लग्न चालत नाही. लग्न करून परत येणाऱ्यांचा व्हिसा वेगळा असते. सहा महिन्यांचा. खरं कारण लिहायची सोय आहे तर खोटं कायले लिहायचं?”

जाण्याच्या गठ्ठ्यात गौरांगचं पत्र, डॉक्टरांचा दाखला आणि तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार लागला. येण्याच्या गठ्ठ्यात नूपुरच्या पॅथॉलॉजी लॅबचं रजेचं पत्र, हर्षितच्या सोलर कंपनीचं पत्र आणि हुडकेश्वरच्या त्याच्या घराचे कागद. तिथं त्याची आई वाट बघणार होती. नातं खरं आहे हे दाखवायला डिसेंबरातल्या साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो. साक्षगंध दणक्यात झालं होतं. तीनशे माणसं, स्टेज, अंगठ्या, हार, सगळं. हाराच्या फोटोत नूपुरच्या बाजूला एक खुर्ची होती आणि खुर्चीवर टॅब्लेट उभा करून ठेवलेला. त्यात गौरांगचा चेहरा.

“हे डबडं बरं नाही दिसत मधात,” म्हणत कवडूभाऊंनी माउस फिरवला आणि फोटोची ती कड कापून टाकली. आता फोटोत फक्त दोघं होती, हारांनी भरलेली, मागे फुलांची भिंत. त्यांनी स्वतःशीच मान डोलावली. तेहतीस वर्षांत इतकी देखणी फाइल झाली नव्हती.

मार्चमध्ये नकार आला.

दोघं लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत धावतच आली. कवडूभाऊंनी पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. अर्जात तुम्ही स्वतःला अविवाहित म्हटले आहे. परंतु सोबत तुमच्या विवाहसोहळ्याची छायाचित्रे जोडली आहेत. विवाह आधीच झालेला दिसत असल्याने तुमच्या भेटीच्या कारणाबद्दल माझी खात्री पटत नाही.

“साक्षगंधाले लग्न समजले ते,” हर्षित म्हणाला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं.

“त्याईची काही चूक नाही,” कवडूभाऊ हळू आवाजात म्हणाले. “तीनशे माणसं, गळ्यात हार. तुले-मले समजते, त्या बाप्याले कसं समजणार? चूक माही आहे. फोटो म्या निवडले.”

नूपुरनं सांगितलं की गौरांगला मागच्या आठवड्यात दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. जूनमधली नोंदणीची तारीख त्यानं अंथरुणावरूनच पक्की केली होती. ही तारीख हुकली तर पुढची कधी, हे तिला विचारायचं नव्हतं.

अर्ज पुन्हा करता येत होता. पण अर्जात लबाडी केल्याचा शिक्का एकदा बसला की दहा वर्षं दार बंद, हे कवडूभाऊंना माहीत होतं. तो अजून बसला नव्हता. दुसऱ्यांदा चुकायला मात्र जागा नव्हती.

“साक्षगंध म्हणजे काय, ते पत्र लिहून समजावू,” ते म्हणाले. “पण ‘हे लग्न नाही’ असं नुसतं म्हणून काय होते? कोणी पण म्हणेल.”

नूपुरनं डोळे पुसले आणि एकदम सरळ बसली. “काका, आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट लिहितो ना, तेव्हा काय दिसलं तेवढंच नाही लिहीत. काय दिसलं नाही तेही लिहितो. मलेरियाचे जंतू आढळले नाहीत. डॉक्टरले तेच पाहिजे असते.”

कवडूभाऊंनी कोरा कागद ओढला. “सांग. काय काय दिसत नाही?”

आणि त्या दुपारी दुकानात अशी काही धांदल उडाली की पासपोर्टचं नूतनीकरण करायला आलेली दोन गिऱ्हाईकंही त्यात ओढली गेली. अंतरपाट नाही. होम नाही. सप्तपदी नाही. “गळा मोठा करून पाहा,” एक बाई म्हणाल्या. फोटो मोठा केला. नूपुरच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. त्यावर बाण काढला. “अन् मुंडावळ्या?” दुसऱ्यानं विचारलं. “कुठं आहेत? नाहीतच ना,” हर्षित ओरडला, आणि तोही बाण लागला.

“भाऊ,” नूपुर म्हणाली. “भाऊ नाही यात.”

कवडूभाऊंचा हात माउसवर थांबला. त्यांनी जुना, न कापलेला फोटो उघडला. खुर्ची, टॅब्लेट आणि त्यातला गौरांग, एका हाताला पट्टी बांधलेला, दुसऱ्या हातानं कॅमेऱ्याकडे बोट करून हसणारा.

“ह्याले म्या डबडं म्हटलं होतं,” ते म्हणाले.

पत्राचा शेवटचा परिच्छेद त्यांनी आधी मराठीत लिहिला आणि मग इंग्रजीत उतरवला. आमच्याकडे लग्नात वधूचा भाऊ नवरदेवाचा उजवा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, ही त्याची ताकीद. भाऊ जवळ असल्याशिवाय हे होऊ शकत नाही. सोबतच्या फोटोत वधूचा भाऊ खुर्चीवर ठेवलेल्या पडद्यात आहे. नवरदेवाचा कान अजून पिळायचा आहे. त्यासाठीच हे दोघे प्रवास करू इच्छितात.

नूपुरनं वाचलं आणि पुन्हा वाचलं. “काका, तुम्ही कोणाचा पिळला?”

“स्टेपलर दे वं,” कवडूभाऊ म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी पासपोर्ट परत आले. हर्षितनं दुकानाच्या पायरीवरच लिफाफा फाडला. कूलरच्या आवाजात तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण त्याचे कान पाहून कवडूभाऊंना कळलं. नूपुरनं पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी सवयीप्रमाणे नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, मुदत, सगळं तपासलं. मग चष्मा काढला आणि बराच वेळ काचा पुसत राहिले. हर्षितनं समोरच्या दुकानातून बर्फी आणली. त्या दिवशी आधारची प्रत काढायला आलेल्यालाही बर्फी मिळाली.

“तिथं पोचल्यावर सात दिवस त्याच गावात राहायचं, मग लग्नाची नोटीस द्यायची, मग अठ्ठावीस दिवस थांबायचं,” ते दोघांना दारापर्यंत सोडत सांगत होते. “अन् परतीचं तिकीट हरवू नका बाप्पा. लाल गठ्ठा माह्यापाशी आहे.”

जूनच्या मध्यावर, दुपारी साडेतीनला दुकानात कवडूभाऊंचा फोन वाजला. व्हिडिओ होता. नोंदणी सकाळीच झाली होती. आता गौरांगच्या बैठकीच्या खोलीत, सोफा भिंतीला लावून, स्टीलच्या परातीत छोटासा होम चालू होता. कवडूभाऊंनी फोन प्रिंटरला टेकवून ठेवला. दुकानात होते नव्हते तेवढे सगळे मागे गोळा झाले.

गौरांग खुर्चीत बसला होता. फोटोपेक्षा खूप वाळलेला. डाव्या हाताला पट्टी, म्हणून उजवा पुढे केला, पण तो उंचावेना. हर्षितनं ते पाहिलं आणि काही न बोलता गुडघ्यांवर बसला. डोकं खाली करून त्यानं कान त्याच्या बोटांपर्यंत नेला.

“दादा, आला का हातात?”

“हौ. केवढा आहे,” गौरांग म्हणाला. “सुटत नाही आता.”

“अजून जोरात,” नूपुर म्हणाली.

दुकानात कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कवडूभाऊ हसत होते. फोन बंद झाला तरी ते प्रिंटरकडे बघतच राहिले.

एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सुभद्रेनं, कामठीच्या धोंडबाशी लग्न ठरवलं. धोंडबा पावरलूमवर कामाला होता आणि पसंती तिची स्वतःची होती. बाबा म्हणाले, तिच्या मांडवात या घरातलं कोणी जाणार नाही. कवडूभाऊ गेले नाहीत. लग्नाच्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले. कान पिळायला तिथं कोणी नव्हतं. पुढे बाबा गेले, बोलणं सुरू झालं. भाऊबीजेला सुभद्रा दरवर्षी महालात येई, ओवाळी, जेवून जाई. पण कामठीला, सोळा किलोमीटरवर, कवडूभाऊ कधी गेले नव्हते. कोणी विचारलं तर म्हणत, कामच एवढं राहते.

त्यांनी फोन लावला.

“कोणाची तब्येत बिघडली काय?” सुभद्रेनं पहिलं हेच विचारलं.

“नाही वं. रविवारी येऊन राहिलो.”

“कुठं?”

“तुह्या घरी.”



रविवारी त्यांच्या बायकोनं, गोपिकाबाईंनी, काही न विचारता इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. त्या स्वतः वर्षातून दोनदा कामठीला जाऊन येत. त्यांनी फक्त गल्ली कशी ओळखायची ते सांगितलं. शेअर ऑटोत कवडूभाऊ मधल्या जागेवर अंग चोरून बसले. हजारो लोकांना त्यांनी परदेशात पाठवलं होतं. सोळा किलोमीटर इतके लांब असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सुभद्रा दारातच उभी होती. धोंडबा खुर्चीवरून उठले. डोक्यावरचे केस गेलेले, उजव्या कानात ऐकण्याचं यंत्र. माग चालवता चालवता दोन्ही कान गेले होते.

चिवडा झाला, पाणी झालं. कवडूभाऊंनी मग नूपुरची गोष्ट सांगितली, फोटोपासून परातीतल्या होमापर्यंत. सांगून झाल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले आणि तसेच अडून बसले. सुभद्रेला कळलं.

“कान पिळणाऱ्या भावाले द्यायचा मानाचा दुपट्टा यायनं स्वतः विणला होता तुह्यासाठी,” ती धोंडबांकडे बोट करत म्हणाली. “दोन वर्षं पेटीत ठेवला मी. मग सोनिका झाली, तिच्या झोळीले लावला. आता काही मिळणार नाही तुले.”

“मले काही नाही पाहिजे.”

धोंडबांनी बायकोच्या आणि मेव्हण्याच्या ओठांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी उजव्या कानातलं यंत्र काढलं, चिवड्याच्या ताटलीशेजारी अलगद ठेवलं आणि खुर्ची वळवून कान पुढे केला.

कवडूभाऊंनी तो दोन बोटांत धरला. कान गरम होता. पिळताना भावानं म्हणायचं असतं, तेच ते म्हणाले.

यंत्राशिवाय धोंडबांना काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणून ते फक्त सुभद्रेनं ऐकलं, आणि ती चहा ठेवायला आत गेली.