माळ्यावरचा पेंढा

मी एक जुनं घर आहे. पण मित्रांनो, जुनं म्हणजे पडकं असं समजू नका. माझ्या भिंती सरळ आहेत, आढं वाकलेलं नाही आणि यंदाच्या चैत्रात मी वणव्याला तोंड दिलं आहे. तेव्हा थोडी बढाई मारायचा हक्क मला आहे, आणि तो मी वापरणार आहे.

बेडसे गावाच्या वरच्या अंगाला, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी मी उभा आहे. माझ्यासमोर गवताचा उतार, त्याच्या खाली भाताची खाचरं. तीस वर्षांपूर्वी रतन आणि आक्काबाई या जोडप्याने मला बांधलं. रतन रेल्वेत कीमन होता, म्हणजे रोज पहाटे हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत चालणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी तो माझ्यासाठी दगड फोडायचा आणि आक्काबाई घमेली उचलायची. दगडाचं जोतं, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, गावात खीर वाटली गेली, आणि जो तो म्हणाला, "रतनभाऊ, घर लय झ्याक झालं." तेव्हापासून मी जरा ताठच आहे.

माझ्या अंगणात त्यांची लेक अमृता चालायला शिकली. पुढे शिकून ती तळेगावच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात नोकरीला लागली आणि तिथेच तिने फ्लॅट घेतला. रतन निवृत्त झाला. एक गाय, थोडं भात आणि मी, एवढा त्याचा संसार उरला.

खरं सांगू? याच काळात माझ्याकडे दुर्लक्ष झालं. तशी माणसं प्रेमळ होती, पण सवयी वाईट. सरपण कोरडं राहावं म्हणून आक्काबाई ते माझ्या वळचणीखाली रचायची. पेंढ्याची उडवी, म्हणजे रचलेला ढीग, गोठ्याला खेटून. पावसाची झड लागू नये म्हणून पश्चिमेच्या भिंतीला कारवीचे तट्टे बांधायचे आणि दिवाळीनंतर सोडायचे, ही इथली रीत. रतन ते शिमग्यापर्यंत तसेच ठेवायचा. वाळून वाळून ते नुसते खडखडायचे. मी काय बोलणार! कोपऱ्यातल्या पालीइतकाही माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही.

मग गेल्या वर्षी शेजारच्या गोरखचं घर जळालं. वणवा त्याच्या अंगणापर्यंत आलाच नव्हता. शंभर पावलं लांबूनच तो डोंगरावर निघून गेला. पण त्याच्या ठिणग्या वाऱ्यावर उडाल्या, कौलांच्या फटीतून आत शिरल्या, आणि तासाभरात नुसत्या भिंती उरल्या. त्याच्या घराला मी ओळखत होतो. आम्ही एकाच भट्टीच्या विटांचे. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली.

दुसऱ्याच दिवशी अमृता आली. "बाबा, आई, पुरे झालं. चला तळेगावला," ती म्हणाली.

"आन् हे घर?" आक्काबाईने विचारलं.

"कुलूप लावू."

मित्रांनो, कुलूप या शब्दाने माझ्या वाशावाशाला कापरं भरलं. बंद घराला आधी वाळवी धरते, मग पाऊस धरतो. आक्काबाई उंबऱ्यावर बसली ती उठेना. "मी हितंच ऱ्हानार. माज्या डोईवर वाह्यलेत मी ह्याचे दगड," ती म्हणाली.

अमृता हट्टी आहे, पण आईचीच लेक. शेवटी असं ठरलं की घर दुरुस्त करायचं आणि एक उन्हाळा बघायचं. त्या उन्हाळ्यात माझ्या आत एक जरी ठिणगी शिरली, तर दोघांनी मुकाट्याने बॅगा भरायच्या.

पाऊस सरल्यावर ती बजरंग गवंड्याला घेऊन आली आणि माझी अशी काही तपासणी झाली की लाजायची वेळ आली. भिंत आणि कौलं यांच्यामधल्या फटी विटा-सिमेंटने बुजवल्या. वारा खेळायला जी भोकं ठेवली होती त्यांना तांदळाच्या चाळणीसारखी बारीक लोखंडी जाळी बसवली. कारवीचे तट्टे गेले, पत्रा आला. खिडक्यांच्या फळ्यांनाही बाहेरून पत्रा ठोकला. माझ्यावर ओणवलेली आंब्याची फांदी तोडली तेव्हा आक्काबाई दिवसभर कुणाशी बोलली नाही. सरपण पार कुंपणापाशी गेलं. माझ्याभोवती तीस फूट गवताची काडी ठेवायची नाही, असा हुकूम सुटला.

"बाबा," अमृता म्हणाली, "तुम्ही तीस वर्षं लोकांच्या गाड्यांसाठी रूळ तपासलेत. या घराभोवती एकदा तरी तशी फेरी मारलीत का?"

रतनने वाकून जोत्यालगतची गवताची एक काडी उपटली. त्याला ते लागलं, हे मला कळलं.

आता पेंढ्याची गोष्ट. उडवी साठ पावलांवर, खाचराच्या कडेला न्यायची होती. रतनने नेली. पण इंद्रायणी भाताचा पेंढा म्हणजे त्याचा जीव. तिकडे मोकाट गुरं तोंड घालतील, या काळजीने त्याला चैन पडेना. एका संध्याकाळी आक्काबाई विहिरीवर गेलेली असताना त्याने निवडक वीस-बावीस पेंढ्या गुपचूप आणून माझ्या माळ्यावर रचल्या. थेट कौलांखाली! एवढ्या मेहनतीने मला बाहेरून बंद केलं आणि आत हा ऐवज. मला हसावं की रडावं कळेना. अमृता दर रविवारी यायची, अंगण बघून खूश व्हायची. वर माळ्यावर बघायचं तिच्या मनातही आलं नाही, कारण बापावर तिचा विश्वास होता.

चैत्र आला. खालच्या वाडीतल्या कुणीतरी राब भाजायला घेतला. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं. हे काम पहाटे, वारा पडलेला असताना करायचं असतं. त्याने भर दुपारी काडी ओढली. वारा आला आणि आग बांध ओलांडून उतारावरच्या गवतात शिरली. गवत चढणीचं, आग वर धावत सुटली, ती सरळ माझ्याकडे.

आक्काबाईने अमृताला फोन लावला, तसबीर आणि कागदांची पिशवी घेतली, गाय सोडली. रतनने पिंपातलं पाणी वळचणीवर मारलं आणि मग दोघं नांगरलेल्या शेतात जाऊन उभी राहिली. मी एकटा राहिलो.

आग माझ्या तीस फुटांपर्यंत आली. पुढे खायला काही नाही म्हटल्यावर दोन्ही बाजूंनी फुटून डोंगराकडे निघाली. ठिणग्या मात्र आल्या, मूठमूठ आल्या. पत्र्यावर आपटल्या आणि विझल्या, जाळीला चिकटून काळ्या पडल्या. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू! पण आदल्या दिवशी वानरांनी मागच्या बाजूचं एक कौल सरकवलं होतं. चार बोटांची फट. एक ठिणगी तेवढ्यातून आत आली आणि अलगद पेंढ्यावर बसली.

धूर आधी आक्काबाईला दिसला. "अवं, कौलातनं धूर निगतुया! माळ्यावर काय हाय?"

रतनचं तोंड पांढरं पडलं. "पेंढा," तो म्हणाला.

"कुनी ठेवला?"

"म्याच."

साठी ओलांडलेला तो माणूस धावत आला आणि शिडी चढला. ओलं गोणपाट टाकून त्याने पेटती पेंढी उचलली, माळ्याच्या खिडकीतून अंगणात भिरकावली, मग दुसरी, मग राहिलेल्या सगळ्या. खालून आक्काबाई कळशीमागून कळशी देत होती. एक वासा हातभर काळा पडला, तेवढ्यावर भागलं.

तासाभराने अमृता पोचली. माझं अंगण राखेने भरलेलं, पण मी उभा. तिने आईला मिठी मारली. पेंढ्या तोपर्यंत आक्काबाईने उचलून टाकल्या होत्या. रतन गप्प राहिला असता तर अमृताला काही कळलं नसतं. पण त्याने जाऊन अर्धी जळलेली एक पेंढी आणली आणि लेकीपुढे ठेवली.

"ठिनगी आत आली, पोरी. मीच पेंढा ठिवलता वर. कौल सरकल्यालं बी बघितलं न्हाई. रुळावर अशी चूक केली असती तर मानसं मेली असती. भर बॅगा."

अमृताने वर, काळ्या पडलेल्या जाळीकडे पाहिलं.

"घर हरलं नाही, बाबा. तुम्ही हरलात. घराला कशाला शिक्षा? तुम्ही इथेच राहा. पण उद्यापासून ड्यूटीवर हजर व्हायचं."

आक्काबाई पदराने डोळे पुसत हसली. मला हसता येत नाही, नाहीतर मीही हसलो असतो.

मित्रांनो, तुमचं घरही बोलत नाही. वर काय ठेवलं आहे, कुठलं कौल सरकलं आहे, हे ते सांगायला येणार नाही. म्हणून कधीतरी त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारा आणि मान वर करून बघा.

आमचा रतन तर आता रोज पहाटे निघतो. खांद्यावर जुना हातोडा. वळचण बघतो, जाळी बघतो, शिडी लावून कौलं बघतो. शेवटी माझ्या कोपऱ्याच्या दगडावर हातोडा हलकेच ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. रुळाची चावी सैल झाली की आवाज बदलतो म्हणे. माझा आवाज अजून खणखणीत आहे.