सरासरीइतका हिवाळा

हवामान कार्यालयात हिवाळ्याचा अंदाज एका ओळीत द्यायची पद्धत साहेबांनी पाडली होती. डोंगराचा आकडा, मैदानाचा आकडा, दोन्ही मिळवून मधला काढायचा आणि खाली सही ठोकायची. लोकांना गोंधळात पाडू नये, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी डोंगरावर कडाक्याची थंडी पडणार आणि मैदान उबदार राहणार, असं त्यांच्या हाताखाली आकडे काढणाऱ्या तिने लिहून दिलं होतं. साहेबांनी दोन्ही एकत्र केलं. ओळ बनली: 'हिवाळा सरासरीइतका.' त्या ओळीवर विसंबून रस्ते खात्याने घाटातलं बर्फ काढायचं दुसरं यंत्र खाली बोलावून घेतलं. उरलेल्या एकट्या यंत्रावर तिचा धाकटा भाऊ होता. ते बर्फात रुतलं, आणि त्याला सोडवायला वर जाईल असं दुसरं काही उरलंच नव्हतं. भाऊ वाचला, पण पायांची सहा बोटं कापावी लागली.

"ताई, हिशेब कर," तो पलंगावर बसून म्हणायचा. "हाताची दहा, पायाची चार. भागिले चार. दर पंजाला साडेतीन बोटं. काय वाईट आहे?"

ती हसायची नाही. चौकशीत साहेबांनी हात झटकले होते. "अंदाज बरोबरच ठरला," ते म्हणाले होते, "आकडे मिळवून बघा." तिने मिळवून पाहिले होते. खरंच बरोबर होता. ते वाक्य तिने जपून ठेवलं.

या वर्षी चित्र उलटं होतं. डोंगरावर लख्ख ऊन, बर्फ बेताचं. मैदानात मात्र दाट धुकं बसणार होतं. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि खोलगट जागी साचते. दिवसा धुकं ऊन अडवणार, म्हणजे ती तिथून हलणारही नाही. तिने दोन वेगळ्या ओळी लिहून दिल्या. साहेबांनी सवयीने मधला आकडा काढला.

"बघा मॅडम, पुन्हा सरासरीइतकाच! उगाच लोकांना घाबरवता तुम्ही."

"बरं, साहेब," ती म्हणाली. एरवी ती भांडली असती.

दुपारच्या रेडिओवर शेतीचा कार्यक्रम असे आणि त्यात हवामान तीच सांगे. तिथे तिने डोंगर आणि मैदान वेगळे करून सांगितले. खोलगट जमिनीत रोपं असतील तर ती झाका, वाफ्यांना संध्याकाळी पाणी द्या, असं रोज घोकून घोकून सांगितलं. साहेब तो कार्यक्रम ऐकत नसत. "भाजीवाल्यांची करमणूक," म्हणत.

साहेबांनी निवृत्तीनंतरसाठी नदीकाठच्या खोलगटात रोपवाटिका घातली होती. लिंबाची कलमं, स्वतःच्या हाताने बांधलेली. शेजारच्या माळ्याने ताडपत्री आणून दिली, तर साहेबांनी त्याला अंदाजाच्या पत्रकावरची आपली सही दाखवली आणि परत पाठवलं. तरीही एका संध्याकाळी ते तिच्या टेबलापाशी रेंगाळले.

"मॅडम, आपल्यातलं विचारतो. नदीकडे काही विशेष नाही ना?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने पेनाचं टोपण लावलं.

"तुमच्या पत्रकात आहे तेच, साहेब."

ते निर्धास्त होऊन गेले.

धुकं आलं आणि हललं नाही. नदीकाठी दहिवर गोठलं. माळ्याच्या ताडपत्रीखाली सगळं हिरवं राहिलं आणि कुंपणापलीकडे साहेबांची कलमं काळी पडली, उकडलेल्या पालेभाजीसारखी.

हिवाळा संपल्यावर अंदाज तपासायची बैठक भरली. साहेबांचा चेहरा उतरलेला होता. ती उठून उभी राहिली.

"डोंगर सरासरीपेक्षा उबदार, मैदान तितकंच थंड. मिळवून शून्य. साहेबांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. सगळ्यांच्या वतीने अभिनंदन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनाही हात जोडून त्या घ्याव्या लागल्या. बाहेर जिन्यात त्यांनी तिला गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं. मी विचारलं होतं तुम्हाला!"

"लेखी सांगितलं होतं, साहेब. दोन ओळींत. मधला आकडा तुम्ही काढलात." ती एक पायरी उतरली आणि वळली. "माझ्या भावाला घाटात कोणाला विचारायचीही सोय नव्हती."

 साहेब कठडा धरून उभे राहिले.

घरी तिने भावाला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि मग त्याने डोळे पुसले.

"पण ताई, त्या कलमांनी काय केलं होतं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. त्याचे पाय मांडीवर घेऊन तिने लोकरी मोजे चढवले. पुढचा रिकामा भाग दुमडून नीट आत खोचला. "तुझ्या बोटांनी तरी काय केलं होतं?"

तिला रात्रभर गाढ झोप लागली.