कुसुमताई अत्यवस्थ

सकाळी पेपर उघडला आणि कुसुमताईंना शोध लागला, की आपल्या नवऱ्याला दुसरी बायको आहे.

निदान पहिलं मिनिटभर त्यांना तसंच वाटलं. वाटेल नाहीतर काय! पहिल्या पानावर मोठी बातमी होती, 'बाजार कामगार विधेयक लोकसभेत मंजूर', आणि तिच्या पोटात चार ओळी : 'विधेयकाला विरोध करण्याची जाहीर ग्वाही देणारे खासदार दीनानाथ खर्शीकर हे पत्नी अत्यवस्थ असल्याने मतदानाच्या वेळी गैरहजर होते.' अत्यवस्थ! आणि खर्शीकरांची पत्नी तर गुलटेकडीच्या फ्लॅटमध्ये ओट्याला टेकून, चहात खारी बुडवत उभी होती. कालच तिनं लोणच्याच्या कैऱ्या स्वतः अडकित्त्यावर फोडल्या होत्या. खारी चहात पडून विरघळून गेली, तरी कुसुमताई त्या चार ओळींकडेच बघत राहिल्या.

"अगं बाई, मग ही मरायला टेकलेली कोण?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, हातात शहाळं, चेहरा आधीच रडवेला. कुसुमताईंना बघून तो चेहरा कुठं ठेवावा हेच त्यांना कळेना.

"अय्या, तुम्ही उभ्या?"

"मग काय डोक्यावर उभी राहू?"

काकू शहाळं देऊ की परत नेऊ करत जरा घुटमळल्या. शेवटी म्हणाल्या, "बऱ्या दिसताय हो," आणि शहाळं घेऊनच परत गेल्या. त्यांच्या बोलण्यात किंचित नाराजी होती, ती कुसुमताईंना बरोब्बर कळली.

मग दिल्लीहून फोन आला.

"कुसुम, पेपर बघितलास?"

"बघितला. कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"अत्यवस्थ आहे ती."

"अगं, तूच!"

"मी? मला काय धाड भरलीय?"

"हळू बोल, हळू," दीनानाथराव म्हणाले. कोर्टात वकिली करताना अडचणीची साक्ष आली की लावायचे तो आवाज त्यांनी लावला होता. "ऐकून तरी घे. पक्षाचा व्हिप होता, विधेयकाच्या बाजूनंच मत द्या म्हणून. दिलं असतं तर मार्केट यार्डात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. विरुद्ध दिलं असतं तर पक्षानं हाकललं असतं, खासदारकीच गेली असती. आणि उगीच गैरहजर राहिलं तरी तीच गत. कारण लागतं. सबळ."

"मग मला साधा ताप आणायचा होतात."

"तापावर सोडत नाहीत गं. आणि माझ्या एका मतानं काय झालं असतं? पास व्हायचं ते झालंच."

कुसुमताईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाचं होतं.

त्याचं असं झालं. मार्केट यार्डात पोती उचलणारे हमाल, माल तोलणारे, मिरचीची देठं खुडणाऱ्या बायका, या सगळ्यांच्या मजुरीवर नजर ठेवणारं, त्यांचा फंड आणि औषधपाणी बघणारं एक मंडळ होतं. नवं विधेयक ते मंडळ मोडीत काढणार होतं. निवडणुकीच्या आधीपासून त्याची कुणकुण होती. दीनानाथराव हमालांच्या केसेस फुकट लढलेले, त्यांच्या उपोषणात मांडी घालून बसलेले. त्यांनी माइकवरून गर्जना केली होती, की हे विधेयक आलं तर माझा हात सगळ्यात आधी विरोधात वर जाईल. पण यार्डातल्या बायका बेरक्या. त्या सभेनंतर कुसुमताईंकडे आल्या. "साहेबांचं राहू द्या, ताई. तुम्ही सांगा." आणि कुसुमताईंनी गळ्याला चिमटा घेऊन सांगितलं होतं, "गळ्याशपथ. विरोधातच मत देतील."

त्या बायकांच्या पुढं होती नसीमबानू. तिची मुलगी शकीला चौथीत कुसुमताईंच्या हाताखाली शिकलेली. निवडणुकीच्या मतदानाच्या दिवशी नसीमचा पाय प्लास्टरमध्ये होता. "माझ्या एका मतानं काय होतंय, ताई?" ती म्हणाली होती. कुसुमताईंनीच तिला रागं भरलं, रिक्षात घातलं आणि केंद्राच्या फाटकापर्यंत दंडाला धरून नेलं. एकेक मत सोन्याचं असतं, असं वर तिला ऐकवलंही होतं.

"ऐकतेयस ना?" फोनमधून आवाज आला. "पक्षाला संशय आलाय. पक्षाचे जयसिंगराव मुंबईहून चार वाजता तुला बघायला येतायत. काल विमान मिळालं नाही असं सगळ्यांना सांगितलंय, मी दुपारच्या विमानानं निघतो. तू नुसती पडून राहा. बाकीचं श्यामसुंदर बघेल."

श्यामसुंदर म्हणजे साहेबांचा पीए. तो अर्ध्या तासात हजर झाला. बरोबर ओळखीचा डॉक्टर, सलाइनची बाटली आणि ती टांगायचा स्टँड.

"वहिनी, टोचायचं काही नाही. वरून नुसती पट्टी लावू. आजचा दिवस फक्त."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर उद्यापासून साहेब माजी," श्यामसुंदर म्हणाला आणि स्टँडचे स्क्रू आवळायला लागला.

कुसुमताईंचा जन्म महापालिकेच्या शाळेत हजेरी घेण्यात गेला होता. पोरांच्या सबबी त्यांना तोंडपाठ. क्रिकेटची मॅच असली की वर्गातल्या निम्म्या आज्या मरायच्या. एकानं तर एकच आजी दोनदा मारली होती. कुसुमताई हसायच्या आणि हजेरीत गैरहजर लिहून मोकळ्या व्हायच्या. पण साठीला आलेला माणूस, लोकांनी निवडून दिलेला, दिल्लीत बसून बायकोला मरायला टाकतो? जिवंत बायकोला? त्या पलंगावर मटकन बसल्या. श्यामसुंदरला वाटलं, वहिनी भूमिकेत शिरल्या.

तरी त्या पडल्या. खोटं कशाला बोला, पडल्या. खासदारांची बायको म्हणून बँकेत खुर्ची मिळते, भाजीवाला वर कोथिंबीर घालतो, ते त्यांना आवडलं होतं. आणि नवरा होता तो. त्याला घरी बसवायचं पाप आपल्या हातून नको, असं स्वतःला बजावून त्यांनी गळ्यापर्यंत चादर ओढली.

दुपारभर माणसं येत राहिली. दारातून डोकावायची, च् च् करायची, फळं ठेवायची. कुसुमताई डोळे मिटून घ्यायच्या. लाजेनं मिटावेच लागत होते.

साडेतीनच्या सुमाराला खोलीत मिरचीचा नाकाला झोंबणारा खाट आला. डोळे न उघडताच कुसुमताईंना कळलं, कोण आलंय ते.

"ताई, उठू नका. अजिबात उठू नका." नसीमबानू पलंगापाशी खालीच बसली. मोसंबीची पिशवी तिनं भिंतीला टेकवली. "हात लावत नाही हां. कोपरापर्यंत धुतलेत, पण मिरचीचे हात, चरचरेल तुम्हाला."

खाटानं कुसुमताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नसीमला ते रडणंच वाटलं.

"रडू नका, ताई. आमचा राग नाही साहेबांवर. सकाळी हमाल लोक नको नको ते बोलत होते. मी म्हटलं, खबरदार! ज्याच्या घरी बाई मरणाच्या दारात, त्यानं तिकडं बटणं दाबत बसायचं का? माझा माणूस गेला ना, तेव्हा मालकानं मला दुपारपर्यंत सोडलं नव्हतं. साहेब तरी मतदान सोडून बायकोसाठी उठले. असा नवरा कुठं मिळतो?" तिनं पदराला डोळे पुसले आणि मिरचीमुळं ते आणखीच लाल झाले. "मंडळ गेलं तर गेलं. मंडळ नव्हतं तेव्हापण जगतच होतो आम्ही. तुम्ही राहिलं पाहिजे. आमच्यातल्या काहीजणी दर्ग्यात जाऊन आल्या. बाकीच्या सकाळपासून उपाशी बसल्यात यार्डात, तुमच्या नावानं. ताई उठेपर्यंत पाणी नाही, म्हणतात."

तिनं पदराच्या गाठीतून दर्ग्यातला दोरा काढला. बोट लागू नये म्हणून दोन्ही टोकं चिमटीत धरून तो कुसुमताईंच्या मनगटाला, सलाइनच्या पट्टीच्या वर, बांधला.

कुसुमताई ताडकन उठून बसल्या.

"नसीम, मला काही झालेलं नाही."

"असू द्या, ताई. तापात बोलताय."

"ताप नाही. काही नाही. हे बघ." त्यांनी पट्टी ओढून अर्धी उचकटली. खाली टोचल्याची खूणसुद्धा नव्हती. नळी नुसतीच लोंबत राहिली.

नसीमनं मनगट बघितलं. मग वर बाटलीकडे बघितलं. बाटलीतून एक थेंब पडत नव्हता. दुपारभर इतकी शिकलेली माणसं येऊन गेली, बाटलीकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं, तिलाही आत्तापर्यंत नाही. ती हसली, थट्टा असेल म्हणून. कुसुमताई हसत नाहीत असं बघून थांबली.

"मग साहेब मत द्यायला का नाही गेले?"

शपथ घेतलेला तो गळा. त्यातून आवाज फुटेना.

नसीम उठली. शिव्या दिल्या असत्या तर कुसुमताईंनी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. दारापर्यंत जाऊन ती परत फिरली आणि भिंतीजवळची पिशवी उचलली.

"ही नेते, ताई. सासूला डॉक्टरनं मोसंबी सांगितलीत. ती खरंच आजारी आहे."

"नसीम, थांब!"

कुसुमताई पलंगावरून उतरून अनवाणीच हॉलमध्ये आल्या, आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं. पुढं श्यामसुंदर, मागं जाडजूड जयसिंगराव, आणि त्यांच्या बाजूला दीनानाथराव, दोन दिवसांची दाढी वाढवलेले.

"कुसुम!" त्यांनी घोगऱ्या आवाजात हाक मारली. जिन्यातच तयार केलेला होता तो आवाज. "कशी आहेस गं आता?"

जयसिंगरावांनी कुसुमताईंच्या हाताला चिकटून लोंबणारी पट्टी बघितली, त्यांचे पाय बघितले. श्यामसुंदर त्यांच्या पाठीमागून दोन्ही हातांनी, झोपा, झोपा, असं खुणावत होता.

"मी बरी आहे," कुसुमताई म्हणाल्या. "काल बरी होते. परवाही बरी होते. सर्दीसुद्धा झालेली नाही मला."

दीनानाथरावांचा हात दाराच्या चौकटीवर गेला. जयसिंगरावांना जे बघायचं होतं ते बघून झालं होतं.

"आता खासदारकी गेली असं समजा," कुसुमताई नवऱ्याला म्हणाल्या. "आता भ्यायचं कुणाला? ही नसीम. पाय मोडलेला असताना हिनं तुम्हाला मत दिलं. हिला एवढंच सांगा, तुमचं मत काय होतं? बाजूनं, की विरुद्ध?"

दीनानाथरावांनी जयसिंगरावांकडे बघितलं. मग नसीमकडे. मग पुन्हा जयसिंगरावांकडे. ओठ हलले. कुसुमताई वाट बघत राहिल्या. विरुद्ध म्हणा हो, त्या मनात म्हणत होत्या. आता तरी म्हणा. बाजूनं होतो म्हणालात तरी चालेल, मी ऐकून घेईन. पण काही तरी म्हणा.

"त्याचं असं आहे, कुसुम," दीनानाथराव म्हणाले, "दोन्ही बाजू..."

आणि कुसुमताईंना दिवसभरातला सगळ्यात मोठा धक्का बसला तो इथं. दुसरी बायको असती तरी एवढा बसला नसता. या माणसानं मत लपवलं नव्हतं. लपवायला त्याच्याकडं मतच नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला हे कळलं नाही, आणि आपण गळ्याला चिमटा काढून जगाला हवाला देत सुटलो!

"खर्शीकर दीनानाथ," त्या वर्गात म्हणायच्या तशा म्हणाल्या.

कुणीच उत्तर दिलं नाही.

"गैरहजर."

त्यांनी दारामागच्या चपला पायात सरकवल्या आणि नसीमच्या हातातल्या पिशवीचा एक बंद धरला. नसीमनं लगेच सोडला नाही, मग सोडला. दोघी जिना उतरायला लागल्या. यार्डात बायका सकाळपासून कुसुमताईंसाठी उपाशी बसल्या होत्या. निदान पाणी तरी प्या, एवढं सांगायला कुसुमताईंनी स्वतः जायला हवं होतं.