पडदाभर आबा

शहाण्णव साली आमच्या केळी सोसायटीत कॉम्प्युटर आला आणि ट्रकमध्ये माल भरायची चिठ्ठी छापून मिळू लागली. हाताने लिहिलेली चिठ्ठी ट्रकवाले घेईनात. मशीन सुरू केलं की पहिली खिडकी उघडे ती चेअरमन पितांबर आबांच्या फोटोची, तीही पडदाभर. प्रोग्राम लिहिणाऱ्या धुळ्याच्या गिरधरने ती आपल्या मोठ्या मॉनिटरवर बेतलेली. आमच्या लहान पडद्यावर फुगली की छोटी करायचं बटण काचेबाहेर जाई. चिठ्ठीची खिडकी आबांच्या मिशांमागे गाडलेली.

सभासद बेबाबाईंचे दोनशे घड कापून चिठ्ठीवाचून कचेरीच्या ओट्यावर पडले होते. गिरधर एसटीने दुपारी आला, कीबोर्डवर खटखट करून फोटो छोटा केला, मशीन बंद करून परत चालू केलं. छोटाच उघडला! पण ट्रक सकाळीच गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पुन्हा पडदाभर.

तिसऱ्या दिवशी घडांवर एवढ्या माश्या बसल्या की त्यांनी भणाणत ओटा वीतभर उचलला. खालून मांजर गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. आंबूस वासाने ओकारी येत होती, आणि क्लार्क चुडामण नाक शिंकरलेल्या रुमालाने काचेवरच्या माश्या हाकलत होता.

"आबांच्या तोंडावर माशी? शोभतं का?"

"आरे, माहे घड सडू ऱ्हायले," बेबाबाई म्हणाल्या, "अन् तुले त्या फोटोची पडली?"

त्या दिवशी गिरधर दुपारी पुन्हा आला, फोटो छोटा केला आणि कचेरी बंद होईपर्यंत थांबला. संध्याकाळी चुडामणने हात जोडले आणि छोटा फोटो पुन्हा पडदाभर केला.

"चुडामणभाऊ, हे काय?"

"आबांना रात्रभर छोटं ठेवू?"

"अहो, बंद करताना खिडकी जशी असेल तशीच सकाळी उघडते! रोज तुम्हीच फुगवता!"

बेबाबाई पायरीवरून उठल्या. सगळ्यात काळा, गळका घड आणून त्यांनी चुडामणच्या खुर्चीत ठेवला.

"छोटा कर. सकाळी आबा मोठे निघाले, त हाच घड तुह्या मांडीवर."

गिरधरने दाखवलेली कळ दाबून चुडामणने डोळे मिटून आबांना छोटं केलं.

सकाळी आबा पोस्टाच्या तिकिटाएवढे उघडले. पहिली चिठ्ठी बेबाबाईंची. सव्वाशे घड दिल्लीला गेले, बाकीचे उकिरड्यावर.

दुपारी खुद्द आबा आले. पडद्याकडे डोळे बारीक करून म्हणाले, "चुडामण, काचेवर माशी बसलीय रे."

चुडामणने खिशातून तोच रुमाल काढला.