शैलाबाईंच्या अक्षरांचा अर्ज

विषय : संगणकावरच्या निरोप्यात हव्या असलेल्या सुधारणा.
संदर्भ : श्री. भीमराव ओव्हाळ, खडकी, यांचा अर्ज व त्यानंतरची स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयाबाबत कळवण्यात येते की, तो निरोप्या मीच बोलतोय. दूरच्या दोघांनी आपापल्या संगणकापुढे बसायचं, एकानं टाइप करायचं आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ते लगेच उमटायचं, एवढंच माझं काम. भाषा जरा कारकुनी आहे. ती भीमरावांच्या टेबलावर राहून लागली.

जन्म परदेशातला. खडकीला आलो २००१ साली. ओव्हाळांची आम्रपाली नोकरीसाठी अमेरिकेला निघाली होती. बॅगा भरायच्या सोडून तिनं आधी मला संगणकात बसवलं.

"पप्पा, माझ्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला की मी आले समजा."

"म्हणजे हजेरीपट," भीमराव म्हणाले. संरक्षण खात्यातून हेडक्लार्क म्हणून ते नुकतेच निवृत्त झाले होते.

रोज सकाळी ठिपका हिरवा होई, मी दार वाजल्यासारखा आवाज काढी आणि शैलाबाई गॅस बारीक करून धावत येत. त्या वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायच्या. पण इंग्रजी अक्षरांशी त्यांची ओळख नव्हती आणि मराठी अक्षरांशी माझी. त्यामुळे आम्रपाली मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिही आणि भीमराव ते वाचून बायकोला सांगत. घोटाळा इथेच होता. साहेबापुढे फाइल ठेवताना चार पानांच्या चार ओळी करायच्या, ही त्यांची जन्माची सवय. मुलीनं पडदाभर लिहिलं तरी हे चष्मा सारखा करत म्हणत, "प्रकृती ठीक. थंडी आहे."

एका सकाळी मजकूर संपता संपेना. आम्रपालीची नोकरी गेली होती. ती मैत्रिणीकडे राहत होती. आईचा आवाज ऐकला तर रडू येईल, म्हणून फोन करत नव्हती.

भीमरावांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "काम जरा कमी आहे. बाकी ठीक."

"अहो, एवढं लांबलचक लिहिलंय आणि त्यात एवढंच?"

"सारांश सांगितला."

"मी काय तुमचा साहेब आहे? पोरगी आहे ती माझी. शब्द न शब्द वाचा."

त्यांनी वाचलं. मध्येच पाणी प्यायला थांबले.

"आता उठा खुर्चीवरून," शैलाबाई म्हणाल्या. "कुठलं अक्षर कुठं, तेवढं दाखवा. मजकूर माझा."

एका बोटानं त्या एकेक कळ दाबू लागल्या. तिकडे मी आम्रपालीला सांगत होतो, समोरचे लिहीत आहेत, लिहीत आहेत. शेवटी तिनंच विचारलं, "पप्पा, अहवाल लिहिताय का?"

मग हे पोचलं : "आमू, घरी ये. कुणी काही विचारणार नाही."

तिकडून आलं, "आई? तू लिहिलंस?"

आम्रपाली आली नाही. तिकडेच दुसरी नोकरी शोधली. पण रोज सकाळी आईशीच बोलू लागली. स्वयंपाकघरातून भीमराव विचारत, "काय म्हणते?"

"तुमचं नंतर. डाळीकडे बघा."

तरी मनातलं निम्मंच बोटांतून उतरे. "मला माझ्या अक्षरांत लिहायचंय," म्हणून शैलाबाईंनी नवऱ्याला अर्ज करायला बसवलं. माझ्या कंपनीनं सूचनांसाठी एक पान ठेवलं होतं. जगभरची पोरं त्यावर नाचणारे चेहरे आणि रंगीत खिडक्या मागत. भीमरावांनी मागितली प्रत्येक निरोपाची कार्यालयीन प्रत, आवक-जावक क्रमांक, वाचल्याची पोच. आणि तळाशी 'तसेच' म्हणून मराठी अक्षरं.

"माझं शेवटी का?"

"ज्येष्ठतेनुसार."

"खोडा ते सगळं."

दुसऱ्या मसुद्यात एकच मागणी उरली. लगेच उत्तर आलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.' भीमराव हरखले. पुढे प्रत्येक स्मरणपत्राला तेच उत्तर येऊ लागलं, तेव्हा त्यांना स्वतःच्या कचेरीची आठवण झाली.

मग मोबाइल आले आणि कंपनीनं माझी सेवा बंद केली. शैलाबाई आता मोबाइलवर मराठीत लिहितात, भरभर. मी बंद संगणकात पडून असतो. त्या सकाळी त्यांचा निरोप मी पोचवला खरा, पण परक्या अक्षरांत. 'आमू' एवढं तरी त्यांच्या अक्षरांत पोचवता यावं, म्हणून अर्जाचा सहानुभूतीनं विचार व्हावा, ही विनंती.

सदर अर्जावर निर्णय झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.